काकी थांबली ती जागा

दुपारी दोन ते चार काकी घरात असून नसायची. ओटीवर चटई टाकून, हाताची उशी करून ती पडायची आणि डोळे मिटून गुणगुणायची. खाडीकडून वारा यायचा. त्याला चिखलाचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास असायचा. मी तिच्या पोटाशी पडलेली असायचे. गाणं कुठं संपलं आणि झोप कुठं लागली, ते मला कधीच कळलं नाही. आजही दुपारी डोळा लागला की आधी तो आवाज येतो, आणि आपण नवीन पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहोत हे कळायला दोन-तीन मिनिटं जातात.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई मी सात वर्षांची असताना गेली. त्या दिवसापासून मला काकीनं वाढवलं. कुणी बसून ठरवलं नव्हतं. तिनं सकाळी माझी वेणी घातली, रात्री मला कुशीत घेतलं, झालं.

ती आमच्या गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मंगलाष्टकांपुरता. त्याच्या आधीचं सगळं धवलारणीच्या गळ्यावर चालतं. मांडव घालणं, तांदूळ निवडणं, हळद लावणं, प्रत्येक कामाची गाणी वेगळी. त्यांना धवले म्हणतात, आणि ते पाटावर बसून गाते ती धवलारीण. हळदीचा धवला सगळ्यांत मोठा. त्यात ती आधी गावदेवीला बोलावते, मग घरातल्या गेलेल्या सगळ्यांना मिळून एकदाच, आणि मग जिवंत माणसांना एकेका नात्यानं. ज्याला बोलावणं येईल त्यानं उठायचं आणि नवरीला हळद लावायची. आमच्या गावात बोलावणं आलं नाही तर सख्खा बापसुद्धा जागचा हलत नाही. आणि एकदा सुरू झालेला धवला मध्येच सोडत नाहीत.

मला काकी व्हायचं होतं. डॉक्टर नाही, शाळेतली बाई नाही, काकी. टॉवेल डोक्यावरून घेऊन मी घंगाळ्यासमोर बसायचे आणि बादलीला, तांब्याला, साबणाला हळदीसाठी बोलवायचे. काकी दारातून बघायची आणि गालात हसायची. पण आवाज? तिचा आवाज जाड, खोल, थोडा खरबरीत. लांबच्या घरात बसलेल्या माणसालाही वाटावं की आपल्यालाच हाक मारली. माझा मात्र पातळ, सरळ, वर्गात हजेरी घेण्याच्या लायकीचा. पुढं झालेही मी तेच. पनवेलच्या एका शाळेत गेली वीस वर्षं चौथीला शिकवते. मुलांना रोज बजावते, फळ्यावर आहे तस्संच उतरवा, आपलं डोकं मध्ये घालू नका.

तीन वर्षांपूर्वी काकीचा दम गेला. डॉक्टरांनी फुप्फुसं दाखवली, काळ्या फिल्मवरचे ढग. चार पावलं चालली की तिला बसावं लागायचं, गाण्याचा तर प्रश्नच मिटला. एकदा मला जवळ बसवून तिनं सांगितलं की आता पाट तू घे. मी झटकून टाकलं. म्हटलं, तुझ्यासारखं मला या जन्मी जमणार नाही, आणि तुझ्यानंतर कुणी भिकार गायलं तर लोक शेण घालतील तोंडात. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिचं लक्ष आकाशात उतरणाऱ्या विमानाकडं गेलं.

त्या वर्षी गावात तीन पोरींच्या हळदी झाल्या. तिन्ही वेळा डीजेवाल्यानं पेन ड्राइव्ह लावला. त्यातली बाई कुठली कोण जाणे, पण ती सुरात होती. ती मामाला बोलवायची तेव्हा मामा कढईपाशी उभा असायचा, आणि आत्याला बोलवेपर्यंत आत्या हळद लावून मोकळी. कुणाचा कुणाला मेळ नाही. काकी खुर्चीत बसून ऐकायची, पदर तोंडावर धरून. या पोरी माझ्या हट्टापायी मशिनच्या हवाली गेल्या, हे मला कळत होतं. तरी मी हललेच नाही. हलायचं तर काकीएवढं होऊन हलायचं, नाहीतर नाही, असं माझं डोकं.

मग मला ती कॅसेट आठवली. माझ्या लग्नात चुलतभावानं माझ्या हळदीचा सगळा धवला टेप केला होता. काकी तेव्हा ऐन भरात होती. कॅसेट कपाटात साड्यांच्या खाली सापडली. ठाणा नाक्याजवळच्या एका दुकानात ती मोबाइलवर उतरवून घेतली आणि मी काकी पुन्हा कानात घातली.

सहा महिने मी त्या आवाजात राहिले. शाळेत जाताना, येताना, भाजी चिरताना. वहीत शब्द उतरवले, कुठं श्वास घेते तिथं रेघ मारली, कुठं खाली येते तिथं बाण. एके ठिकाणी ती खोकलीय, तेही मी लिहिलं. नवऱ्यानं वही उघडली आणि विचारलं, हा खोकलापण पाठ करणार का? मी वही हिसकावून घेतली. दुपारी कानात ते लावून पडले की मला स्वप्न पडायचं. मी पाटावर बसलेय, तोंड उघडते आणि काकीचा आवाज येतो. सगळा मांडव मान डोलावतो. माझा चेहरा मात्र कुणाला दिसत नाही, मलाही नाही. जाग आली की कान दुखत असायचे, आणि बरं वाटायचं.

त्या धवल्यात एक जागा होती. बापाला बोलावून झालं की काकी थांबायची. थांबायची म्हणजे किती, सावकाश पाच म्हणावेत इतकी. टेपमध्ये नुसती खरखर ऐकू यायची, लांब कुणाचं तरी पोर रडायचं. आणि मग तिचा आवाज पुन्हा यायचा तो निराळाच, खालचा, ओला, आणि ती मावशीला बोलवायची. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, काकीची सगळी विद्या या थांबण्यात आहे. गाणारे पैशाला पासरी मिळतील, पण असं कोण थांबतं? सूर लागो न लागो, ती थांबण्याची जागा मी अशी घोटली की झोपेतही चुकले नसते.

काकी अधूनमधून म्हणायची, म्हणून दाखव. मी म्हणायचे, पाठ होऊ दे आधी. तिच्यासमोर तोंड उघडायची मला लाज वाटायची. ती दुसरंही एक सांगायची, पण ते मी कानाआड केलं. हळदीच्या आठ दिवस आधी काकी नवरीच्या घरी जाऊन चहा पिऊन यायची. कोण कोण आहे, कोण गेलं, कोण कुणाशी बोलत नाही, नवरीचा लाडका कोण, सगळं खोदखोदून विचारायची. लहानपणी मीही तिच्यासोबत जायचे आणि खारी खायचे. मला वाटायचं, हिला गप्पांची हौस. मी धवला शिकतेय म्हटल्यावर तिनं पहिली गोष्ट हीच सांगितली होती, की आधी घरी जाऊन बस. पण माझ्या वर्गाच्या परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, आणि उरलेला वेळ मी त्या खोकल्याला आणि थांबण्याला देत होते.

माझी पहिली हळद ठरली ती काकीच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातली. मुलगी एकुलती एक. तिची आई माझ्याच वयाची, माझ्याबरोबर खाडीवर चिंबोऱ्या धरलेली. गेलं वर्षभर ती आजारी होती. तसला आजार, ज्याचं नाव आमच्याकडं कुणी घेत नाही. केस गेले होते, पदराखाली रुमाल बांधायची. तिनं गावदेवीला एकच मागितलं होतं, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं: लेकीला हळद लावीपर्यंत मला उभी ठेव, पुढचं तुझं तू बघ. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तिला बघायला दवाखान्यात गेले होते. ती नळ्यांमध्ये पडून मला म्हणाली होती की काकी आता गात नाही, तर माझ्या लेकीची हळद तू गा, मला मशीन नको. तिच्यापुढं मला नाही म्हणता आलं नाही. म्हणून तर मी पाटावर बसायला तयार झाले.

हळदीच्या दिवशी दुपारी तीनला मी पाटावर बसले. मांडवात पिवळसर उजेड होता, कापडातून गाळून आलेला. सगळं मला जरा लांबून दिसत होतं, पाण्याखालून पाहावं तसं. नवरी चौरंगावर, समोर हळदीची वाटी, आंब्याची पानं. डीजेच्या पोरानं माझ्यासमोर माइक आणून ठेवला. बायका गोल करून बसल्या होत्या. काकीला माझ्यामागं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. नवरीची आई पुढच्या रांगेत, नवी हिरवी साडी, पदराखाली रुमाल, आणि हातात आत्तापासूनच आंब्याचं पान.

मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. गावदेवी आली. गेलेली माणसं आली. माझा आवाज माझा राहिला नव्हता, खाली खाली जात होता, खरबरीत होत होता. बायकांमध्ये कुजबुज झाली, काकीच हाय गो, असं कुणीतरी म्हटलेलं मी ऐकलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मी सुखानं वेडी झाले होते. स्वप्न पडत होतं तेच चाललं होतं. बापाला बोलावलं. बाप उठला, त्यानं लेकीच्या कपाळाला, गालांना, हातांना हळद लावली आणि डोळे पुसत बाजूला झाला. ती जागा आली. मी थांबले. सावकाश पाच म्हणेपर्यंत थांबले. मग खालच्या, ओल्या आवाजात मावशीला बोलावलं.

कुणीच उठलं नाही.

मी डोळे उघडले. मावशी अर्धी उठली होती, तशीच गुडघ्यावर थिजली होती आणि बहिणीकडं बघत होती. बहीण, म्हणजे नवरीची आई, पुढं वाकली होती. बापानंतर आपणच, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती उठायला निघाली असणार. आंब्याचं पान तसंच हातात. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती नुसती आजूबाजूला बघत होती, आपण दिसतोय का लोकांना, याची खात्री करून घ्यावी तशी. नवरीनं हुंदका दिला. एका म्हातारीनं कानाला हात लावले. बापानंतर आईला सोडून एकदम मावशीला बोलावतात ते आई नसलेल्या पोरीच्या हळदीत. जिवंत बाईला, वर्षभर मरणाशी झगडून आलेल्या बाईला, मी भर मांडवात तिच्या लेकीसमोर मेलेल्यांत काढली होती.

पळून जावं तर धवला तुटतो, पुढं गावं तर कुणाला बोलवू? मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकी दोन बायकांच्या खांद्यावर हात ठेवत, थांबत थांबत माझ्यापर्यंत आली. तिला बसायला किती वेळ लागला! ती माझ्या पाटाच्या कडेला टेकली, धाप आवरली आणि माझ्या कानाशी बोलली. समोर माइक चालू आहे याचं भान तिला नव्हतं, मलाही नव्हतं.

"तो गाना तुजा व्हता, पोरी," ती म्हणाली. "तुला आय नव्हती, म्हनून मी तिथं थांबली. मना रडू आला व्हता. हिची आय समोर बसलीय, तिला बोलव."

सगळ्या मांडवानं ते ऐकलं.

मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं, आणि ते दिसणं काही सुखाचं नव्हतं. जे मी विद्या समजून सहा महिने घोटलं, ते काकीचं रडणं होतं. माझ्या आईच्या जागेवर येऊन तिला पुढं जाता आलं नव्हतं. मी तिचं रडणं पाठ केलं आणि दुसऱ्याच्या लेकीच्या हळदीत गाऊन दाखवलं. वर्गात एखाद्या पोरानं शेजाऱ्याच्या वहीतून नावासकट निबंध उतरवला तर मी त्याला बाकावर उभं करते.

आणि आईची ओळ मला येतच नव्हती. आयुष्यात शंभर हळदी पाहिल्या असतील. काकीच्या तोंडून ती ओळ शंभर वेळा निघाली असेल. पण बापाचं बोलावणं झालं की मी लहानपणापासून उठून जायचे, पाणी आणायला, चपला नीट लावायला, मुतायला, कशालाही. आईविना धवला हाच मला पुरा धवला वाटत होता. मी काकीला हळूच म्हटलं की मला ती चाल ठाऊक नाही. ती फक्त म्हणाली, "आयला हाक मारायला चाल कनाला लागते?"

मग मी हाक मारली. काकीचा आवाज केव्हाच सुटून गेला होता. आला तो माझा, पातळ, हजेरीचा, मध्येच चिरकला. आये, ये. एवढंच आलं आधी. माझ्या तोंडून हा शब्द चाळीस वर्षांत निघाला नव्हता, कुणासाठी काढायचा होता? आये, ये, लेक वाट बघते. शब्द कुठून येत होते ते मला माहीत नाही. त्या वहीत नव्हते. चिंबोऱ्या आल्या त्यात, खाडी आली, दवाखान्याच्या पायऱ्या आल्या, गावदेवीपाशी घातलेलं साकडं आलं. धवल्यात असलं काही बसतं का, हेही मी विचारलं नाही. मी रडत होते आणि गात होते, आणि थांबले मात्र कुठंही नाही.

ती उठली. नवरा हात धरायला धावला तर त्याला बाजूला सारून एकटी चालत आली. लेकीसमोर बसली, पान वाटीत बुडवलं, मग ते पान टाकूनच दिलं आणि दोन्ही तळवे हळदीत घालून लेकीच्या तोंडावरून, गळ्यावरून, दंडांवरून फिरवत राहिली. नवरीच्या डोळ्यांत हळद गेली तरी ती हलली नाही. मांडवातली एकही बाई कोरडी राहिली नाही. डीजेवाला पोरगासुद्धा वायरी उगाच गुंडाळत बसला होता.

लावून झाल्यावर ती उठेल आणि मी मावशीला बोलवेन, असं मी धरून चालले होते. ती उठली, पण जागेवर गेली नाही. माझ्याकडं वळली. तिचे हात अजून ओले होते. तिनं माझे दोन्ही गाल धरले, जोरात, दुखेल इतके. माइकवरून काकीचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. माझ्या हळदीत माझ्या गालांना मावशीची लागली होती, काकीची लागली होती, आत्यांची लागली होती. आईची त्या दिवशी लागली, लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर. मग मी मावशीला बोलावलं, आत्याला बोलावलं, मामाला बोलावलं. मामा जाड आहेत, त्यांना उठायला वेळ लागला, तेव्हा सगळे हसले.

संध्याकाळी डीजे सुरू व्हायच्या आत मी काकीला घरी सोडायला निघाले. गल्ली दोनशे पावलांची, पण आम्हाला तीनदा बसावं लागलं. एकदा कुणाच्या तरी ओट्यावर, एकदा पालथ्या घातलेल्या होडीवर, एकदा नळापाशी. आकाश गुलाबी होतं आणि त्यातून विमानं एकामागून एक उतरत होती, आवाज मागाहून यायचा. तिच्या सासूचं तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. तीही धवलारीण होती, आणि काकी म्हणे पहिली दहा वर्षं तिच्यासारखं गायला बघत होती, तेव्हा गावात कुणी तिचं ऐकत नव्हतं. मी म्हटलं, हे आधी सांगायचं ना मला. तर म्हणाली, तू इचारलास कदी? तू तर मशीन कानात घालून बसलेली.

घराच्या पायरीवर टेकल्यावर मला राहवेना. सहा महिने जे विचारायला घाबरत होते ते मी विचारलं, की काकी, कसं झालं माझं गाणं. तिनं घाई केली नाही. श्वास जमवला, खाडीकडं बघितलं, सगळा धवला पुन्हा मनात ऐकत असावी.

"माज्यासारका नाय झाला," ती म्हणाली, आणि हसली.

मग तिला माझ्या तोंडावर वाळलेली हळद दिसली. तिनं सवयीनं पदराचं टोक तोंडात ओलं केलं, माझी हनुवटी धरली, पुसायला हात गालापर्यंत आणला, आणि तिथंच थांबली.